साठीतलं ब्रिटिश प्रोफाइल

आमच्या घराण्यात अ‍ॅम्प्लिफायरला स्थळ म्हणून पसंत करण्याची पद्धत नव्हती. ती मी पाडली.

मी गिटार वाजवतो. म्हणजे गिटार विकत घेतो, तिच्या तारा बदलतो, तिला घेऊन तासभर बसतो आणि 'आज आवाजात मजा नाही' असं म्हणून उठतो. पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं एवढं केलं तरी अमेरिकेतल्या आमच्या ईडन प्रेरी गावातले मराठी लोक त्याला 'वाजवतो' म्हणतात. लोक चांगले आहेत. माझी बोटं चालत नाहीत हे मला मान्य नाही. सगळा दोष टोनचा, म्हणजे आवाजाच्या पोताचा. हवा तसा टोन मिळाला की बोटं आपोआप चालतील अशी माझी श्रद्धा आहे, आणि श्रद्धेच्या बाबतीत मी पुराव्याची वाट बघत बसत नाही.

पूर्वी टोनसाठी कपाटाएवढा अ‍ॅम्प घ्यावा लागायचा. आता पायाशी ठेवायचा एक डबा मिळतो. जगात कुठेतरी कुणीतरी आपल्या जुन्या, दुर्मीळ अ‍ॅम्पसमोर माईक लावतो, त्याचा आवाज, त्याचा स्वभाव, त्याची गुरगुर सगळं मोजून घेतो आणि एका फाइलमध्ये भरून इंटरनेटवर ठेवतो. ह्या फाइलला म्हणायचं प्रोफाइल. ते डाउनलोड करून आपल्या डब्यात घातलं की तो अ‍ॅम्प आपल्या तळघरात! (माझी बायको शुभदा ह्याला 'दुसऱ्याच्या पातेल्याचा फोटो काढून त्यात आमटी करणं' म्हणते.) दोन वर्षं मी रोज संध्याकाळी ऑफिसचा लॅपटॉप मिटला की तळघरात जाऊन प्रोफाइल्स बघत होतो. एक फार टोचायचं. एक फार गुळगुळीत. एकाचा आवाज तर जेवण न पचलेल्या माणसासारखा.

त्या वर्षी माझी थोरली बहीण सुमाताई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. नागपूरच्या एका शाळेतून रिटायर झालेली. मूलबाळ नाही, आणि भाऊजींना जाऊन नऊ वर्षं झालेली. कुणाला आपला त्रास होऊ नये म्हणून स्वतःच्या घरातसुद्धा पाहुण्यासारखी राहणारी. घरात तिच्याबद्दल सगळ्यांचं एकच मत होतं: 'सुमाचं काही नसतं.' हे आम्ही कौतुकानं म्हणायचो.

तर एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळी, चहाच्या आधी, मला ते प्रोफाइल सापडलं. एक तार छेडली आणि अंगावर काटा आला. हा आनंद सांगायचा कुणाला? आमचा गिटारवाल्यांचा एक ग्रुप आहे, 'सहा तारा'. फोनवर त्याच्या बरोबर खाली आमच्या भावंडांचा आणि चुलत भावंडांचा ग्रुप आहे, 'सहा घरं'. चष्मा डोक्यावर होता. (डोळ्यांना त्याचा तिथे काही उपयोग होत नाही.) मी लिहिलं:

'मंडळी, दोन वर्षं शोध चालू होता, आज अखेर मनासारखं प्रोफाइल मिळालं. ब्रिटिश आहे. साठीतलं आहे, पण काय ती ऊब! जास्त तापवलं तर गुरगुरतं, हलक्या हातानं घेतलं तर अगदी गोड. पहिल्यापासून एकाच मालकाकडे होतं. फक्त पाच वॅट, पण घरगुती वापराला पुरे. रविवारी सकाळी सगळ्यांना ऐकवतो.'

साठीतलं म्हणजे मला साठच्या दशकातलं म्हणायचं होतं. मराठीचे माझे मार्क शाळेतही असेच जायचे.

दहा मिनिटांत नागपूरहून अण्णांचा फोन. अण्णा म्हणजे आमचे सगळ्यांत थोरले बंधू, माझ्याहून सोळा वर्षांनी मोठे. त्यांना विचारल्याशिवाय आमच्याकडे कुणी कुकरची शिट्टीसुद्धा बदलत नाही. त्यांना हे कळलं कसं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही; ते गिटारबद्दल फोन करतायत ह्यानंच माझं मन भरून आलं.

"काय करून राहिला तू तिथे?" अण्णा म्हणाले. "हे कुणाला विचारून केलंस?"

"विचारायचं काय अण्णा, फुकट होतं."

पलीकडे अण्णांनी टीव्ही बंद केला. मग, "शुभदाला माहीत आहे?"

"हो. ती म्हणाली, काय करायचं ते तळघरात कर, वर आणू नकोस."

"तळघरात ठेवलंयस?"

"म्हणजे काय! शेजाऱ्यांना आवाज जाऊ नये म्हणून दारंखिडक्या बंद करतो मी."

अण्णांनी फोन वहिनींकडे दिला. वहिनींनी फक्त एवढंच विचारलं की रुचा कुठे आहे, ती बरी आहे का, आणि तिच्याशी आत्ताच्या आत्ता बोलता येईल का. रुचा ही माझी मुलगी. वय सोळा. ती समोर दुधात घातलेलं सीरियल खात होती. मी तिला फोन दिला. ती जरा वेळ 'हो मोठी आई', 'नाही मोठी आई' करत राहिली, मग आपल्या फोनवर काहीतरी वाचलं आणि दूध नाकातून येईपर्यंत हसली.

"डॅड," ती म्हणाली, "यू आर व्हायरल. लाइक, इन नागपूर."

तिनं मेसेज दाखवला. वर 'सहा घरं' लिहिलं होतं. चष्मा खाली ओढला, तरी 'सहा घरं'च होतं. आमच्या घराण्यात 'प्रोफाइल' ह्या शब्दाला एकच अर्थ आहे, आणि तो लग्नाच्या साइटवरचा. सोळा वर्षांच्या मुलीसाठी बापानं साठीतला इंग्रज पाहिला, तोही तापट, आणि त्याला तळघरात ठेवलाय! मी डिलीट करायला गेलो, पण तोवर सहाही घरांनी तो वाचला होता, आणि पुण्याच्या चुलतभावानं तर खाली सहीसारखा अंगठा उमटवला होता.

मी खुलासा टाइप करायला घेतला. मला दोन बोटांनी टाइप करता येतं. तेवढ्यात अकोल्याच्या चुलत वहिनीनं लिहिलं, 'अहो, रुचासाठी कशाला असेल? सुमाताईंसाठी असेल.'

ग्रुपवर एकदम धरण फुटलं. भाच्या-पुतण्यांनी बदाम पाठवले. 'काका, तुम्ही ग्रेट' असं मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी लिहिलं. कुणी विचारलं, शाकाहारी आहेत का. कुणी म्हणालं, एकच मालक म्हणजे जन्मभर एकच नोकरी, माणूस स्थिर दिसतो. 'पाच वॅट'वर थोडी चर्चा झाली, आणि तो व्हॅट असावा, इंग्रज असल्यानं तो नियमानं कर भरत असावा, असा निकाल लागला. माझा अर्धा टाइप झालेला खुलासा, 'अहो तो अ‍ॅम्प', तसाच राहिला.

आता ताईला सांगणं भाग होतं. ती स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत होती. तिचा फोन शेजारीच पडला होता, स्क्रीन चालू.

"वाचलं मी," ती मान वर न करता म्हणाली. "अण्णा फार चिडलाय का रे?"

मी म्हटलं, चिडलेत.

"अन् तू? तुला ह्यात वावगं नाही वाटत? ह्या वयात?"

'ताई, तो अ‍ॅम्प्लिफायर आहे', एवढंच वाक्य होतं. ते माझ्या जिभेवर आलं होतं. पण ती कोथिंबिरीची एकच काडी मघापासून निवडत होती. नऊ वर्षांत तिनं स्वतःबद्दल मला विचारलेला हा पहिला प्रश्न. आणि तो तिच्या मनात आणला होता माझ्या एका डब्यानं.

"नाही ताई," मी म्हटलं. "अजिबात नाही वाटत."

"बरं," ती म्हणाली. "मग बघू रविवारी."

मी बाहेर आलो तो थेट गॅरेजमध्ये, आणि गाडीचं दार उघडून आत बसलो. कुठे जायचं नव्हतं. शुभदा मागोमाग आली. तिला सगळं सांगितल्यावर तिनं मला ज्या शब्दांत सुनावलं ते छापण्यासारखे नाहीत, पण सारांश असा की, उद्या त्या बाईला तू एक वायर दाखवणार आहेस का? नऊ वर्षांनी तिच्या मनात काही हललं, ते तुझ्या खेळण्यामुळे? मी म्हटलं, शेजारचा ओल्सन साठीतला आहे. ती म्हणाली, तो नॉर्वेकडचा आहे आणि त्याची बायको जिवंत आहे. ह्या दोनपैकी कोणती अडचण मोठी, यावर मी थोडा विचार केला हे मला कबूल केलं पाहिजे.

दुपारी पुन्हा अण्णांचा फोन. मी 'अण्णा, ऐका' म्हणालो, पण ते ऐकायला नव्हे, बोलायला बसले होते. आधी रागावले. इंग्रज कशाला, भाषा कुठली, खाणार काय, लोक काय म्हणतील. मी प्रत्येकाला 'हो' म्हणत होतो, कारण मलाही तेच प्रश्न होते. मग त्यांचा आवाज खाली आला. म्हणाले, नऊ वर्षं झाली, आम्ही इथे एका गावात राहतो, पण ती संध्याकाळी घरी एकटी काय करते हे मी कधी विचारलं नाही. तू सगळ्यांत धाकटा, तुला सुचलं. उद्या तुमच्या सकाळी नऊ वाजता सगळे व्हिडिओवर येतो, माणूस दाखव.

मी म्हटलं, "दाखवतो."

हे मी का म्हटलं ते मला आजही ठाऊक नाही.

रविवारी सकाळी मी ठरवलं की कॉलच्या आधी ताईला गाठून खरं सांगायचं. तर ती घरात नाही. शुभदा म्हणाली, तळ्याभोवती चालायला गेल्यात, रोज जातात तशा. नऊ वाजले. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप. त्यात सहा चौकटी, सहा घरं. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. मागे वहिनी, हातात वही, वहीत प्रश्न. अकोल्याच्या वहिनीनं तर मुलाला शेजारी बसवलं होतं, इंग्रजी समजावून सांगायला.

"पाहुणे कुठायत?" अण्णांनी विचारलं.

मी टेबलाची कड धरली. म्हटलं, "अण्णा, आधी एक सांगायचंय. तो माणूस नाहीये."

"अरे देवा," वहिनी म्हणाल्या. "मारतो का काय?"

मी हात हलवून नाही, नाही म्हणत होतो, तेवढ्यात दार वाजलं. ताई आत आली. तिच्या मागून लोकरी टोपी घातलेले एक उंच गृहस्थ आले, त्यांनी दारातच बूट काढले आणि ते जोडीनं नीट भिंतीला लावून ठेवले. ताईनं त्यांना सरळ लॅपटॉपसमोरच्या खुर्चीत बसवलं. मी खुर्चीतून कधी उठलो ते मला कळलं नाही. बहुधा उठवला गेलो.

"हे परांजपे," ताई म्हणाली.

अण्णा पुढे झुकले. "हे ब्रिटिश आहेत?"

"नाही हो," परांजपे म्हणाले. "कोथरूड."

"ब्रिटिश कॅन्सल केला मी," ताई म्हणाली. "दीडशे वर्षं पाहिले ना आपण त्यांना."

अण्णांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी कधी विसरणार नाही. आमच्या घरात एरवी 'कोथरूड' एवढं एक कारण स्थळ नाकारायला पुरलं असतं. पण माणूस रात्रभर इंग्रज मेहुण्याची तयारी करून बसला होता. मराठी बोलणारा, वरणभात खाणारा, बूट जोडीनं ठेवणारा पुणेकर बघून त्यांना गहिवरून आलं. परांजपे बँकेतून रिटायर झालेले, पत्नीला जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा आमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहतो. वहिनींनी वही मिटली. तिच्यात सगळे प्रश्न इंग्रजांसाठी होते. वीस मिनिटांत कॉल संपला. शेवटी अण्णा मला म्हणाले, "शाब्बास." हा शब्द त्यांनी मला दहावीलाही म्हटला नव्हता.

परांजपे चहा पिऊन गेले. मी ताईला तळघरात नेलं, डबा दाखवला आणि हात जोडून म्हटलं, ताई, प्रोफाइल म्हणजे हा होता. माफ कर.

ती हसलीसुद्धा नाही. "एकतीस वर्षं फिजिक्स शिकवलंय मी," ती म्हणाली. "वॅट म्हणजे काय ते मला कळत नाही होय? पाच वॅटचा नवरा असतो का कुठे?"

"मग काल विचारलंस ते?"

"ते खरं विचारलं. तू काय म्हणतोस ते बघायचं होतं." तिनं डब्यावरची धूळ पदरानं पुसली. "परांजपे तळ्याकाठी भेटले की लग्नाचं विचारतात, तीन महिन्यांपासून विचारून राहिले. मी म्हणत होते, आमच्या अण्णाला सांगणं जमायचं नाही मला. मग तुझा मेसेज आला. म्हटलं, त्याला आधी इंग्रजाचा धक्का बसू दे. मग कोथरूड सोपं जाईल."

मी डब्याची वायर काढून गुंडाळली. सुमाचं काही नसतं म्हणे.

दिवाळीत नागपुरात रजिस्टर लग्न झालं. जेवणाआधी अण्णांनी चार शब्द बोलताना माझ्या पुरोगामी विचारांचा उल्लेख केला, आणि मी मान झुकवून तो स्वीकारला, कारण आता खरं सांगून कुणाचंच भलं होणार नव्हतं. मी गिटार अमेरिकेतून तिथपर्यंत वाहून नेली होती, डब्यासकट, त्या ब्रिटिश प्रोफाइलसकट. पहिला सूर लावणार एवढ्यात ताई जवळ आली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, राहू दे रे, लोक आनंदात आहेत.

माझ्या गिटारनं आजवर दोन माणसांचं भलं केलं आहे. त्यात ती एकदाही वाजलेली नाही.