असेंब्ली पॉइंटवर अस्वल

बारा मुलांना अस्वलाकडे पळवत नेण्याचा कार्यक्रम मी दोन दिवस आधी तीनदा तालीम घेऊन बसवला होता. मुद्दाम नव्हे, हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या कॉलनीतल्या दोन पालकांना अजून तशी शंका आहे.

मी घुग्घुसला एका सिमेंट कारखान्यात सेफ्टी सुपरवायझर आहे. लोकांना नाही म्हणणे, एवढेच माझे काम. इथे चढू नका, तिथे वाकू नका, हेल्मेट कुठे आहे. वीस वर्षे हेच करत आल्यामुळे ते अंगात मुरले आहे. घरीही मी जिन्यावरून उतरताना कठडा धरा म्हणून ओरडतो. (आमचे घर तळमजल्यावर आहे. पाहुण्यांकडे गेलो की ओरडतो.)

एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या आणि कॉलनीतली मुले मोबाइल घेऊन पंख्याखाली आडवी झाली. संध्याकाळी कट्ट्यावर कोणीतरी म्हणाले, यांना जंगल दाखवले पाहिजे. मी ताडकन बोलून गेलो, "माझी सासुरवाडी मुलचेऱ्याकडे आहे. शेत जंगलाला लागून. चार दिवस समर कॅम्प करू, सेफ्टी माझ्याकडे." रंजनाने, म्हणजे माझ्या बायकोने, माझ्याकडे जे पाहिले ते मी त्या वेळी कौतुक समजलो.

तर बारा मुले, त्यात आमची नऊ वर्षांची मुलगी मित्रा, चार भाड्याचे तंबू आणि मी व रंजना असे सासुरवाडीला पोचलो. धान केव्हाच निघालेले, बांध्या, म्हणजे धानाची खाचरे, रिकाम्या. त्यातल्या एका सपाट बांधीत तंबू ठोकले. एका अंगाला शंभरेक पावलांवर सासूबाईंचे घर, दुसऱ्या अंगाला तेवढ्याच अंतरावर धुरा, म्हणजे शेताचा बांध, आणि त्यापलीकडे जंगल. वनरक्षक येऊन सूचना देऊन गेला. चूल पेटवायची ती घराच्या अंगणातच आणि पाणी ओतून विझवायची, तंबूत खाऊ ठेवायचा नाही, धुऱ्यापलीकडे कोणी पाय टाकायचा नाही. मी त्याला माझी स्वतःची एकोणीस नियमांची यादी दाखवली. त्याने ती अर्धी वाचली आणि गाडीला किक मारली.

माझ्या यादीत पहिला नियम असेंब्ली पॉइंटचा होता. कारखान्यात धोक्याचा भोंगा झाला की सगळ्यांनी पळत एका ठरलेल्या जागी जमायचे असते, तो असेंब्ली पॉइंट. त्यासाठी मी धुऱ्यावरचे सगळ्यात मोठे, डेरेदार झाड निवडले. खालची जमीन झाडून लख्ख केलेली, सावली दाट, कुठूनही दिसणारे. घुग्घुसहून आणलेली हिरवी पाटी मी त्याच्या बुंध्याला सुतळीने बांधली.

सासूबाई घरातून पाहत होत्या. त्या आल्या.

"जवाईबापू, पाटी या झाडाले काऊन बांधली? हे मोहाचं हाय. सकाळी इथी..."

"सावली चांगली आहे, आई."

"सावलीचं नाई म्हणून राह्यली मी. मोह पडून राह्यला अजून. सकाळी इथी..."

"आई, सेफ्टीचं माझ्यावर सोडा."

सासूबाईंनी पदर खोचला आणि त्या परत गेल्या. त्यांचे वाक्य तिथेच राहिले.

मग तालीम. नियम सोपा होता. एक लांब शिट्टी झाली की हातातले सगळे टाकून पाटीकडे पळायचे. तिथे तिघातिघांच्या ओळी करायच्या, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि तोंडातून अवाक्षर काढायचे नाही. आणखी एक गोष्ट मी दोनदा बजावली. "शिट्टी झाल्यावर मागून कोणी हाक मारली तरी थांबायचं नाही. आई असो की बाप. पॉइंट गाठायचाच." (कारखान्यात लोक भोंगा झाल्यावर जेवणाचा डबा आणायला परत जातात. तो अनुभव.) पहिल्या खेपेला मुलांना दोन मिनिटे लागली, दुसऱ्या खेपेला एक, तिसऱ्या खेपेला चाळीस सेकंद! तीनही वेळा सगळ्यात शेवटी पोचली ती आमची मित्रा. मी सुपरवायझरच्या आवाजात तिला सगळ्यांसमोर बोललो. तिचा चेहरा उतरला. रात्री झोपताना ती आईला म्हणाली, "पुढच्या वेळी मी पहिली येईन." मला ते ऐकून बरे वाटले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच सासूबाई टोपली घेऊन मोहफुले वेचायला निघाल्या आणि तंबूंच्या बाजूने जाताना मोठमोठ्याने बोलू लागल्या. बरोबर कोणी नव्हते, तरी बोलत होत्या. चार मुले जागी झाली. मी नाश्त्याच्या वेळी विसावा नियम केला. सहाच्या आत कॅम्पच्या हद्दीत कोणी यायचे नाही आणि मोठ्याने बोलायचे नाही, मुलांची झोप पुरी झाली पाहिजे.

"मंग मोह कधी वेचू?" सासूबाई म्हणाल्या.

"सहानंतर."

"अन् न बोलता जाऊ?"

"न बोलता गेलात तर फारच छान."

सासूबाईंनी रंजनाकडे पाहिले. रंजना म्हणाली, "आई, राहू दे. हे ऐकून नाई राह्यले." आणि तिसऱ्या दिवशी पहाटे सासूबाई खरोखरच आल्या नाहीत.

त्या पहाटे मी साडेपाचला घराजवळच्या ड्रमवर तोंड धूत होतो. नुकतेच दिसू लागले होते. मध्ये तंबू, तंबूंपलीकडे झाड, झाडाला माझी पाटी. पाटीखाली काहीतरी काळे हलत होते. मला वाटले कोणाची म्हैस. मग म्हशीने मान वर केली आणि तिला शिंगे नव्हती.

अस्वल होते. भरभक्कम, केसाळ, खाली पडलेली मोहफुले निवांत खात होते. मुले तंबूत सुरक्षित झोपलेली होती. करण्यासारखे एकच होते, ते म्हणजे काहीही न करणे. तेवढे वगळून मी सगळे केले. गळ्यातली शिट्टी तोंडात कधी गेली ते मला कळले नाही. वीस वर्षांची सवय. धोका दिसला, शिट्टी वाजवली. एक. लांब.

अस्वलाने खाणे थांबवले. आणि माझ्या कानावर चारही तंबूंच्या चेन उघडल्याचा आवाज आला.

डोळे चोळत, अनवाणी, मुले बाहेर पडली आणि इकडेतिकडे न पाहता धुऱ्याकडे पळत सुटली. सगळ्यांच्या पुढे मित्रा.

"थांबा!" मी ओरडलो. "मित्रा, थांब!"

कोणी थांबले नाही. बाप असो की आई, थांबायचे नाही, हे त्यांना चांगले पाठ होते. दोन छोट्या शिट्ट्या म्हणजे परत फिरा, हे मी त्यांना शिकवणार होतो, पण ते त्या दिवशी नाश्त्यानंतरच्या तासाला होते. काहीच सुचेना म्हणून मी पुन्हा शिट्टी फुंकली. ती लांबच वाजली. मुले आणखी जोरात पळाली.

मी त्यांच्यामागे धावलो. धावताना डोळ्यांसमोर फक्त मित्राचा गुलाबी फ्रॉक दिसत होता, आणि तो अस्वलाच्या जवळ जवळ जात होता. तिला परवा मी बोललो नसतो तर ती शेवटी असती, एवढे एकच डोक्यात घोळत होते. पहिल्या तंबूपाशी मी दोरीत अडकून तोंडावर आपटलो. वारा आला तर म्हणून प्रत्येक तंबूला दोन जास्तीच्या दोऱ्या मीच बांधल्या होत्या. पाय दोरीत, चष्मा नाकावर वाकडा, उठता येईना.

झाडापासून वीस-पंचवीस पावलांवर मित्राला ते दिसले. ती थांबली. तिच्या मागची अकरा मुले थांबली. आणि मग त्यांनी जे शिकवले होते ते केले. तिघातिघांच्या ओळी केल्या, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि एकानेही तोंडातून शब्द काढला नाही. अस्वल मागच्या दोन पायांवर उभे राहिले. इतकी शिस्त मी कारखान्यात कधी पाहिली नव्हती.

मित्राने मान न वळवता मोठ्याने सांगितले, "पप्पा, पॉइंट रिकामा नाई."

पुन्हा ओरडलो तर अस्वल बिथरेल, गप्प राहिलो तर मुले तिथेच उभी राहतील. तेवढ्यात मागून कोणीतरी बोलत येताना ऐकू आले. सासूबाई. डोक्यावर टोपली, मागे रंजना. पळत नव्हत्या. बाजारातून परत येताना बोलावे तसे खणखणीत आवाजात बोलत त्या मला ओलांडून पुढे गेल्या. माझ्याकडे पाहिलेही नाही.

"असा जवाई भेटला मले," त्या अस्वलाच्या दिशेने बोलत होत्या. "लग्नाच्या दिवशी मंडपात आला, अन् पयले मंडपाचे खांब हालवून पाह्यले. पाहुणे हासून राह्यले, हा खांब हालवून राह्यला. सासऱ्याले भेट म्हणून हेलमेट आणलं. त्यायच्यापाशी सायकलबी नाई."

मग त्याच सुरात, जराही आवाज न बदलता, "लेकरं हो, पाठ दाखवू नका. तोंड तिकडंच ठेवा, मागं मागं पाय टाकत माह्याकडे या. अन् बोला. चूप राहू नका. मोहाखाली येणाऱ्यानं बोलत यावं, मंग त्याले मानूस कळते, ते आपल्या वाटेनं जाते. चूपचाप गेलं का ते दचकते."

"काय बोलू, आजी?" एका मुलाने विचारले.

"काईबी बोल. विषय काय कमी हायेत?"

कमी नव्हते. मुले एकेक पाऊल मागे टाकत बोलू लागली. काका दात घासायची पण हजेरी घेते. काका नदीवर नाई जाऊ देत, बादलीत पाय बुडवा म्हणते. काकाने माझा आंबा कापून दिला, चाकू धरू दिला नाई. रंजनाही बोलत होती, "कुकर लावला का हे पूर्ण घर बाहेर काढते, आई. पाहुणे असले तरी काढते." सगळ्यांच्या वर सासूबाईंचा आवाज, "अन् कोनाचं पुरं ऐकत नाई. मी सांगून राह्यली, झाड मोहाचं हाय, तं म्हणते सावली चांगली हाय."

आणि त्यात मित्राचा बारीक आवाज. "मी लेट आली तं पप्पा मले सगळ्यांसमोर बोलले."

मी ढेकळात पडून सगळे ऐकत होतो. लाज वाटत होती आणि सगळ्यांनी असेच बोलत राहावे असेही वाटत होते. अस्वलही ऐकत होते. मग ते पुढचे पाय टेकून खाली आले, आणखी दोन-चार फुले उचलली, आणि धुरा ओलांडून, मागे वळून न पाहता, सावकाश जंगलात गेले.

मी मुले मोजली. बारा. पुन्हा मोजली. बारा. मित्राला उचलून घेतले तेव्हा तीच मला धरून राहिली. तिने माझ्या कानाशी विचारले, "पप्पा, मी पहिली आली ना?"

"आलीस," मी म्हणालो.

त्या दिवशी तंबू उखडून मुलांना सासूबाईंच्या घरात हलवले. पाटी सोडून आणली. वनरक्षकाला कळवले, तो येऊन पंजाचे ठसे पाहून गेला आणि मोह पडतो तोवर त्या झाडाखाली मुलांना नेऊ नका म्हणाला. सगळ्या पालकांना मी स्वतः फोन केला आणि चूक माझी आहे असे सांगितले. त्यातल्या बहुतेकांनी ते लगेच मान्य केले.

दुपारी ओसरीवर चहा घेताना मी सासूबाईंजवळ सरकलो. मन भरून आले होते. म्हणालो, "आई, आज तुम्ही होत्या म्हणून. आणि ते जे बोललात, ते अस्वलाला घालवण्यासाठी बोललात, हे मी समजू शकतो. मी मनावर घेतलं नाही."

सासूबाईंनी बशीतला चहा संपवला.

"जोरानं बोलली ते अस्वलासाठी, जवाईबापू. बाकी तं आमचं रोजचंच बोलणं हाय."

अस्वलाला निदान ते अर्धवट सोडून निघून जाता आले. मला अजून दीड दिवस सासुरवाडीतच काढायचा होता.