एकतीस नंबरची नळी

गोचीडमामांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच राहिलं. साऱ्या प्रयोगशाळेला, कँटीनवाल्याला, इतकंच काय, रागात असल्या की घरच्या मामींनाही ते गोचीडमामाच. सत्तावीस वर्षं या गृहस्थाने एकच उद्योग केला. काठीला बांधलेलं पांढरं फलालीनचं कापड गवतावरून ओढत न्यायचं, पंधरा पावलं झाली की थांबायचं, कापड उलटं करायचं आणि चिकटलेले तिळाएवढे गोचीड चिमट्याने उचलून नळीत टाकायचे. एका नळीत दहा. वर चिठ्ठी: जागा, तारीख, आकडा. तीही पेन्सिलीने, कारण बर्फातून काढल्यावर ओल धरते आणि शाई पसरते.

नळीत दहापेक्षा कमी गोचीड असले तरी नियमाला चालत होतं. मामांना चालत नव्हतं. नऊ गोचिडांची नळी बघितली की पुढचा दात पडलेल्या माणसाचं हसू बघितल्यासारखं त्यांना व्हायचं. दहावा मिळेपर्यंत ते गुडघे धरून, कुरकुरत, पण चढ चढत राहायचे. बरोबरचा ड्रायव्हर जीपमध्ये घोरत पडायचा आणि परतल्यावर सगळीकडे सांगायचा, "मामा गोचिडांची वधू-वर परीक्षा घेतात हो!"

तर एके दिवशी प्रयोगशाळेच्या मुख्य मॅडमनी मामांना खोलीत बोलावलं. मॅडम वयाने त्यांच्या मुलीएवढ्या, पण हुशारीत सगळ्यांच्या वर. भिंतीवर देशाचा नकाशा होता. वरच्या डोंगराळ भागात निळे ठिपके, खालच्या खोऱ्यात लाल.

"मामा, गोचिडांमुळे होणाऱ्या या तापाचा विषाणू एकच आहे ना? पण एकसारखा नाही. वरचा वेगळ्या घराण्याचा, खालचा वेगळ्या. प्रत्येक विषाणूच्या आत हजारो अक्षरांचा मजकूर असतो. नक्कल करताना चुका होतात, त्या चुका पुढच्या पिढीत जातात. चुका जुळल्या की समजायचं, नातेवाईक."

"म्हणजे आमच्याकडचं नाक," मामा म्हणाले. "आजोबांपासून वाकडंच."

"तेच! आणि गोचीड स्वतः फार तर चार पावलं चालतो. जनावर नेईल तिकडे जातो. म्हणून घराणी आपापल्या जागी राहतात. पण हे बघा." त्यांनी निळ्या गर्दीतल्या एका लाल ठिपक्यावर बोट ठेवलं. "तुमची एकतीस नंबरची नळी. वरच्या डोंगरावर खालचा विषाणू! कसा पोचला? मी लेख लिहिलाय, शुक्रवारी पाठवतेय. आणि मामा, लेखकांमध्ये तुमचं नाव घातलंय. खरं नाव."

मामांना घाम फुटला. मॅडमना वाटलं, आनंदाने.

एकतीस नंबर त्यांना लख्ख आठवत होता. त्या सोमवारी वरच्या डोंगरावर दिवसभर कापड ओढून नऊच मिळाले होते. संध्याकाळी विश्रामगृहात आंघोळीला बसले तर गुडघ्यामागे दहावा चिकटलेला. त्यांनी तो अलगद काढला आणि नळीत टाकला. आता गंमत बघा. तो गोचीड फुगलेला होता. सकाळी चिकटलेला गोचीड संध्याकाळपर्यंत असा टम्म होत नाही, त्याला दोन दिवस लागतात, हे साऱ्या देशात कुणाला कळत असेल तर मामांना. पण नळी भरल्याच्या समाधानात त्यांनी डोळ्यावर कातडं ओढलं.

आणि दोन दिवसांपूर्वी मामा कुठे होते? खालच्या खोऱ्यात. थोरल्या लेकीच्या अंगणात, नातीला खांद्यावर घेऊन शेळ्यांच्या मागे.

हे घरी कुणाला माहीत नव्हतं. थोरली शिकलेली, नोकरीला लागलेली. ती नोकरी सोडून तिने शेळ्या पाळणाऱ्या माणसाशी लग्न केलं, त्याला चार वर्षं झाली. "तिच्या उंबऱ्याला माझा पाय लागणार नाही," असं मामी त्या दिवशी बोलल्या आणि बोललेला शब्द त्यांनी लोणच्याच्या बरणीसारखा झाकून जपला. मामा दर दौऱ्याला दोन दिवस जास्तीचे सांगायचे आणि गुपचूप लेकीकडे जाऊन यायचे.

म्हणजे नळीबद्दल खरं बोलायचं तर सत्तावीस वर्षांची अब्रू जाणार, छापून येणारं नाव जाणार, आणि वर मामींसमोर उभं राहायचं. गप्प बसायचं तर? कुणालाही कळणार नव्हतं. दहाही गोचीड तपासणीसाठी कधीच एकत्र कुटले गेले होते.

मामा दोन दिवस गप्प बसले. कँटीनमध्ये चहा समोर ठेवून निवू द्यायचे. ड्रायव्हर म्हणाला, "आत्ताच शिष्ट झाले हे, लेखक म्हणून!" मामांना हसू आलं नाही. त्यांना तो नकाशा दिसत होता. त्या एका लाल ठिपक्यावरून उद्या कुणीतरी शहाणा वरच्या भागातला जनावरांचा बाजार बंद करेल, दुसरा कुणी त्या ठिपक्यावर आणखी चार लेख रचेल. आणि ठिपका कशाचा? तर गुडघ्यामागच्या खाजेचा.

गुरुवारी दुपारी ते मॅडमच्या दारात उभे राहिले. "मॅडम, ते जनावर मी होतो."

"कुठलं जनावर?"

मामांनी सगळं सांगितलं. मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो लेखाचा नव्हता. "तुम्हाला ताप आला होता का नंतर?"

"दोन दिवस कणकण होती. म्हटलं, वय झालं."

"वय! आधी रक्त तपासायला द्या, मग माझ्याशी बोला." त्यांचा आवाज चढला. "मामा, नऊ लिहिले असते तर काय बिघडलं असतं?"

मॅडमनी लाल ठिपका नखाने खरवडून काढला. तिथे कागद जरा फाटला. "आता त्या शेळ्यांच्या कुरणावरून रीतसर नमुने आणा," त्या म्हणाल्या. "तिथला एकही नमुना माझ्याकडे नाही. रुंद कापड न्या, दोघांनी धरायचं. आणि लेख थांबला."

घरी मामी वाटाणे सोलत होत्या. मामा समोर बसले, एक शेंग उचलली, परत ठेवली. "अहो, बोला," मामी म्हणाल्या. "दोन दिवस तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे बसलात."

मामांनी सांगितलं. नळी, गुडघा, कुरण, लेक. सांगताना मान वर केली नाही.

मामी सोलतच राहिल्या. "मला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"ड्रायव्हर बोलला?"

"तो कशाला? मागच्या दौऱ्याहून आलात तेव्हा स्वेटरचं तिसरं बटण निळ्या दोऱ्याने लावलेलं होतं. आपल्या घरात निळा दोरा नाही. आणि दोरा बटणाखाली तीन वेढे देऊन मागे गाठ मारायची, ही रीत माझ्या आईची. मी एकीलाच शिकवली."

मामांनी स्वेटरकडे बघितलं. सहा महिने तो अंगावर होता.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कुठे बोललात?" मामींनी टरफलं गोळा केली. "पुन्हा जायचंय म्हणता. त्या रुंद कापडाचं दुसरं टोक कोण धरणार?"

"ड्रायव्हर धरेल."

"तो झोपाळू? आणि नातीला तरी काही कळतं का, पाय गवतात असतात लेकरांचे. बघायला नको कुणी?"

मामांच्या रक्ताचा अहवाल ठीक आला आणि पुढच्या आठवड्यात जीप खोऱ्यात उतरली तेव्हा पुढच्या सीटवर मामी होत्या, मामांची पँट घातलेली, पायमोजे पँटवर ओढून. ड्रायव्हरला हसायची सोय नव्हती. एकदा हसला तेव्हा मामींनी त्याच्या सुटलेल्या पोटाची चौकशी केली होती.

कापड गवतावर पसरलं. एक टोक मामांकडे, एक मामींकडे. पंधरा पावलं मामी मोठ्याने मोजत होत्या आणि चौदाव्यालाच मामांना ओरडत होत्या, "सावकाश! फरफटवताय कुठे?" कुरणाच्या कडेला फाटक वाजलं. थोरली उभी होती, काखेत शेळीचं करडू.

"आई?"

मामींनी मान वळवली नाही. "कापडावर पाय देऊ नकोस," त्या म्हणाल्या. "पोरगी कुठाय? तिला मोजे घाल आधी."

थोरली आत पळाली. मामी कापड घट्ट धरून उभ्या राहिल्या. पुढची पावलं मोजायची मात्र विसरल्या. मामा खाली वाकून गोचीड वेचत राहिले.

ऊन कलेपर्यंत नऊ झाले. मामींनी चष्मा सावरून नळीत बघितलं. "एक कमी आहे. पुन्हा ओढू?"

मामांनी पेन्सिल काढली. चिठ्ठीवर जागा लिहिली, तारीख लिहिली, आणि आकड्याशी क्षणभर थांबून लिहिलं: नऊ.

"नऊच?" मामी म्हणाल्या. त्यांनी घराकडे बघितलं. दारात थोरली आणि नात, दोघी वाट बघत उभ्या होत्या. "मग पुढच्या नळीला उद्या सकाळी लागू. आज काही मी परत जीपमध्ये बसणार नाही, पाय दुखतात माझे."