लिंक म्हणजे बोलावणं नव्हे

ये गं, अशी जवळ बस, तळेगावात असलीस तरी. दोन महिने झाले लिंक पाठवून, आणि तू अंगठ्याचं चित्र टाकून गप्प. असं करतात का?

रागावत नाही, चूक माझीच. आपला रोपांचा ग्रुप किती वर्षं चालला. कुणाकडे गुलाबाची फांदी, कुणाकडे गवती चहा. मग त्या जुन्या अॅपवर जाहिराती एवढ्या वाढल्या, की आपली जास्वंद शोधावी लागे. वर कुणी माझं खातं चोरून माझ्याच नावानं अचकटविचकट फोटो टाकले. सून म्हणाली, आई, दुसरीकडे चला. म्हणून नवीन अॅप शिकले, पासवर्ड वहीत लिहिला. महिनाअखेर हा ग्रुप बंद, असं टाकलं, खाली लिंक दिली आणि समजले, झालं काम.

आल्या चार-पाच जणी. कढीपत्त्याची पानं का गळतात, एकीनं विचारलं. उत्तर नाही. कारण उत्तर देणारी आपली चाकणची मैत्रीण आलीच नव्हती. तिची जमीन कंपन्यांत गेली, आता बाल्कनीत रंगाच्या डब्यांत मिरच्या लावते. लिहीत नाही, बोलून पाठवते, पण फोटो बघून रोग सांगते. ती नसेल तर नवा ग्रुप म्हणजे नुसती चित्रं.

गेले तिच्याकडे. भोसरीला बस बदलून, ट्रकांच्या मागे रखडत. तिनं चहा ठेवला. मग म्हणाली,

"नव्या घरात गेलीस, मला बोलवाया कोण आलं? लिंक तर खतवाल्यालाबी धाडली आसशील."

धाडली होती खरी.

"मग? आमी बिनबोलावता न्हाई जात कुणाच्या दारात."

हळदीकुंकवाचा मी कधी नुसता निरोप धाडला नाही, दारात जाऊन कुंकू लावून बोलावते. आणि इथं? तिच्याच करंड्यातलं कुंकू तिला लावलं, ये म्हटलं. तेव्हा कुठं तिनं फोन हातात दिला.

मग कळलं, बाकीच्याही तशाच बसल्यात. निघाले घरोघर. प्राधिकरणाच्या वसाहतीतले जिने, चिखलीतली बंद लिफ्ट. ओटीपी येईपर्यंत पोहे खायचे. कुणाचा फोन फोटोंनी भरलेला, कुणाचा नंबर मुलाच्या नावावर, ओटीपी त्याला जाणार आणि तो फर्स्ट शिफ्टला. एक तर म्हणाली, आता या वयात कशाला नवीन घरं? मलाही तसंच वाटत होतं, तरी तिचा ओटीपी टाकला. महिनाअखेर मी दोनदा पुढं ढकलली. आता ढकलवत नाही, गुडघेही ऐकत नाहीत.

सगळ्या आल्या, तू राहिलीस. तिकडच्या स्टेशनचा जिना मला चढवत नाही गं. तेव्हा हे लिहिलेलंच बोलावणं मान आणि या रविवारी माझ्याकडे ये. फोन चार्ज करून आण. कुंकू इथं आल्यावर लावते.