हरिसिंगची अदलाबदल

धनीबाई ज्वारीची दुसरी भाकर तव्यावर टाकत होती आणि लखीराम दाराशी बसून फक्की चाळत होता. १९६४ सालचा जानेवारी. यवतमाळच्या मैदानामागच्या त्या दोन खोल्यांत सकाळी चूल सोडली तर कुठंच ऊब नसायची. चाळणीतून चुन्याची भुकटी घमेल्यात पडे आणि तिचा थोडा थर लखीरामच्या मिशांवर बसे. ‘म्हातारं व्हायची एवढी घाई कायले करता?’ असं धनीबाई एके काळी रोज म्हणायची. तीन वर्षांपासून म्हणत नव्हती.

दाराची कडी वाजली.

धनीबाईचा हात तव्यावर थांबला. कडी वाजली की तो थांबायचाच. दूधवाला असो की टपालवाला, क्षणभर तिला वाटे, आपला हरिसिंग आला. मग दारातला माणूस दिसे, आणि तोवर भाकर एका बाजूनं करपलेली असे.

दारात मारोती होता. उंच, खांद्यातून जरा वाकलेला, गावच्या बास्केटबॉल संघाचा कप्तान. धनीबाईनं पदर पुढं ओढला आणि चुलीकडं तोंड फिरवलं. त्या पोरानं तिचं काही वाईट केलं नव्हतं. पण तिचा मुलगा घर सोडून गेला आणि संघात त्याच्या जागी हा आला, एवढं तिला पुरेसं होतं.

“काका, उद्या फायनल हाय. आखणी आज संध्याकाळपर्यंत पाह्यजे,” मारोती म्हणाला. मग चपलेनं माती उकरत राहिला. “वणीचा संघ आला. धर्मशाळेत उतरला. हरिसिंग बी हाय.”

“घरी येतो म्हणला?” धनीबाईनं चुलीला विचारावं तसं विचारलं. तीन वर्षांत मारोतीशी ती पहिल्यांदा बोलली.

“नाही म्हणला, काकू.” तो अडखळला. “उद्याचा त्याचा शेवटचा खेळ हाय. गुडघा गेला त्याचा. चांद्याकडं कोळशाच्या खाणीत नोकरी लागली, खेळ झाला का इथूनच परभारे तिकडं जाऊन राह्यला.”

लखीरामची चाळणी थांबली नाही. तिच्यात चुना मात्र कधीचाच उरला नव्हता.

लखीराम जन्मला तांड्यावर. आजा-पणजा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडलेले. ते हिंडणं संपलं, तांडा बाभुळगावजवळ स्थिरावला आणि वाट्याची खडकाळ जमीन पाच भावांना पुरेना, तेव्हा लखीराम यवतमाळला येऊन मैदानाच्या कामाला लागला. झाडलोट करायची, पाणी मारायचं, फक्कीनं रेषा आखायच्या. पण बैल त्याच्या डोक्यातून गेले नव्हते. एखादी जोडी नीट चालली नाही तर त्याचा बाप बैलाला मारत नसे. तो जू पाहत बसे. कोण कुठं ओढतो, कोण अंग राखतो, ते ध्यानात आलं की दुसऱ्या तांड्याशी बैलाची अदलाबदल करी, आणि बहुतेक वेळा दोन्हीकडच्या जोड्या सरळ चालू लागत. देताना बैलाच्या गळ्यातली घंटी तेवढी काढून घरी ठेवायची. म्हणजे तो जुनी दावण लवकर विसरतो, असं बाप सांगायचा.

बास्केटबॉलही लखीरामनं त्याच डोळ्यांनी पाहिला. ‘टोपलीचा खेळ’ म्हणायचा तो. सगळे लोक चेंडू पाहत. हा ज्यांच्याकडं चेंडू नाही ते गडी पाही. घरी आला की सारवलेल्या जमिनीवर दहा चिंचोके मांडी, पाच घासून पांढरे केलेले आणि पाच तसेच. हरिसिंग शेजारी बसून हसायचा. “बा, तुह्या एका बी चिंचोक्यानं अजून टोपली नाही टाकली!”

टोपल्या टाकायचा तो हरिसिंग. संघाचा पहिल्या नंबरचा पुढचा गडी. शाळेतली पोरं त्याच्यासारखा भांग पाडत.

१९६० च्या दिवाळीनंतर एका सकाळी क्रीडा मंडळाचे चिटणीस पुंडलिकराव मैदानावर आले. वणीच्या संघाचा मारोती नोकरीत बदली होऊन यवतमाळला येत होता. वणीवाल्यांचं म्हणणं, तो तुमच्याकडून खेळणार तर हरिसिंग आम्हाला द्या, आम्ही त्याला कापसाच्या जिनिंगमध्ये लावून घेतो.

“लखीराम, तू रोज पाहतोस,” पुंडलिकराव म्हणाले. “बाप म्हणून नको, पाहणारा म्हणून सांग. हरिसिंग देऊन मारोती घेतला तर आपला बचाव कसा राहील?”

फक्की मारणाऱ्या माणसाला चिटणिसांनी खेळातलं विचारलं होतं. लखीरामला केवढा मान वाटला. त्यानं खिशातून चिंचोके काढले आणि तिथंच धुळीत मांडले.

“हे पाहा साहेब. हरिसिंग टोपली टाकते अन् तिथंच उभा राह्यते, टाळ्या आयकत. समोरचे चेंडू घेऊन पळाले का मागं आपले चारच. डावीकडून रस्ता मोकळा. मारोती टोपल्या कमी टाकन, पण चेंडूच्या आधी मागं येते. तो आला का डावी बाजू बंद. आपल्या दहा टोपल्या कमी होतीन, पण पंधरा आपल्यावर पडाच्या वाचतीन.”

“म्हणजे देऊन टाकावा म्हणतोस?”

“थांबा ना. दुसरी जोडी बी पाहा लागते.” त्यानं एक पांढरा चिंचोका पलीकडं सरकवला. “वणीचे मागचे दोघं ताडावानी उंच. त्यायले मागं तिसरा लागतच नाही. हरिसिंग तिथं गेला तर त्याले मागं याचं कामच नाही, पुढं मोकळा राहीन. इथं समदे त्याच्यावर खेकसतात. तिथं त्याचं राज्य होईन, साहेब. पोराचं भलं होईन.”

पुंडलिकराव मान हलवत गेले. त्यांना आपल्या संघापुरतंच ऐकायचं होतं. तेवढंच त्यांच्या ध्यानात राहिलं आणि तेवढंच त्यांनी हरिसिंगला सांगितलं. “तुझा बापच म्हणाला, तू असलास की बचाव उघडा पडतो.”

संध्याकाळी लखीराम घरी आला तेव्हा हरिसिंग पत्र्याच्या पेटीत कपडे कोंबत होता. धनीबाई दाराला धरून उभी.

“अरे, तुह्याच भल्याचं…” लखीराम बोलायला लागला.

“बैल देऊन आला तू,” हरिसिंग म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. “घंटी काढाची राह्यली ना, बा? घे.” आईनं बांधलेला चांदीचा ताईत त्यानं गळ्यातून काढला, चिंचोक्यांच्या डब्यात टाकला आणि पेटी उचलली.

लखीरामनं मांडलेलं सगळं खरं ठरलं. यवतमाळची डावी बाजू बंद झाली, त्या वर्षी चषक आला, लोकांनी मारोतीला खांद्यावर घेऊन मिरवलं. वणीकडून येणारे सांगत, हरिसिंगचं तिथं राज्य आहे. दोन्ही जोड्या सरळ चालल्या. धनीबाई नवऱ्याला याबद्दल एकदाच बोलली. “तुमचं समदं बरोबर निघालं. एवढं बरोबर काहून असा लागते माणसानं?”

खेळ पाहायला येऊ का, असं विचारणारं पत्र लखीरामनं शाळेतल्या मास्तरांकडून हरिसिंगला लिहून घेतलं. उत्तराच्या कार्डावर दोनच शब्द होते: येऊ नको. तो गेला नाही. रोज दिवे लागायच्या वेळी मात्र तो वणीचा संघ मांडायचा. दोन उंच गड्यांचे चिंचोके मागं, आणि पुढं, सगळ्यांपासून लांब, एक पांढरा मोकळा. तीन वर्षांत पोराचा खेळ त्यानं पाहिला तो तेवढाच.

मारोती अजून दारातच होता. चिटणिसांपाशी राहून गेलेली अर्धी गोष्ट त्याला ठाऊक होती. लखीरामनंच एकदा सांगितली होती.

“काका, मी जाऊन सांगू त्याले? तुम्ही पुरं काय म्हणले होते ते?”

“नोको, बाप्पा. आता सांगतलं तर सारवासारव होते.” लखीरामनं मिशांवरचा चुना पुसला. “अन् पह्यली अर्धी बी माह्याच तोंडातली. खोटी नोती ती.”

धनीबाईनं तव्यावरची भाकर उतरवली, तिच्यावर ठेचा ठेवला आणि ताटली दाराकडं सरकवली. “उभ्यानं कायले? बसून खाय.”

मारोती उंबऱ्यावर बसला. लखीराम त्याला खाताना पाहत राहिला. सामना कुठलाही असो, लखीरामची जागा ठरलेली होती. यवतमाळच्या बाकामागं, माठाजवळ, घमेलं मांडीशी घेऊन. रेषा पुसली गेली की तिथूनच उठून पुन्हा आखायची.

“आखणी होऊन जाईन संध्याकाळपर्यंत,” तो म्हणाला. “पुंडलिकरावले माह्यं एक सांग. उद्या मले वणीवाल्यायच्या बाजूनं बसू द्या.”