मायाताईंचा चहा

मायाताईंचा कोणावर म्हणून विश्वास नाही. देवळात जातानासुद्धा त्या चपला पिशवीत घालून आत नेतात. मनीषनगरमधल्या आमच्या छोट्या जाहिरात स्टुडिओत सगळ्यांचे पगार त्याच काढतात. आधी त्या गांधीबागेत कापडाच्या एका दुकानात होत्या. तिथं जन्मालाच न आलेले नोकर दरमहा पगार उचलायचे. तेव्हापासून त्यांचा नियम ठरला. घरून काम करणाऱ्यानंही एकदा समोर येऊन चहा प्यायचा, मगच पैसे.

हा नियम एका आवाजापाशी अडला. कोचिंग क्लासच्या रेडिओ जाहिरातीत ‘मी गार्गी, फर्स्ट इयर!’ असं लाडात बोलणारी मुलगी. आमच्या रेकॉर्डिंगवाल्या जितेंद्रनं तिला शोधलं होतं. ती काही चहाला येईना. कधी परीक्षा, कधी ताप. त्यात बँकेचं खातं निघालं जिजाबाई नावाचं.

“काहून गा जितेंद्र, आजकाल कॉलेजच्या पोरीचं नाव जिजाबाई कोन ठेवते?”

“मले काय मालूम, ताई? मी बी तिले पाह्यलं नाही. मोबाइलवर आवाज येते, बस.”

“म्हंजे पैसे तूच खाऊन राहिला.”

जितेंद्रचं तोंड एवढंसं झालं. मला ताईंचा रागच आला. पण खरं सांगतो, माझ्याही मनात पाल चुकचुकली होती. मालकीण उन्नती मॅडमनी सांगून टाकलं, मुलगी दिसली नाही तर पैसे बंद आणि कामही बंद. क्लासवाल्यांना अस्सल कॉलेजची मुलगीच हवी होती.

खात्यावरचा पत्ता घेऊन ताई माझ्या स्कूटरवर कोराडीला निघाल्या. “तू बी त्याच्याच पार्टीचा नाही ना?” असं वाटेत मलाही विचारून झालं.

तिथल्या वीजकेंद्राच्या कॉलनीतलं दार साठी उलटलेल्या बाईंनी उघडलं.

“गार्गी कुठं हाय?” ताईंनी दरडावलं.

“मीच वं बाई,” त्या म्हणाल्या. थेट रेडिओवरचाच आवाज! मी चाटच पडलो.

पलंगावर गोधडी होती. कोळशाच्या ट्रकांचा आवाज येऊ नये म्हणून जिजाबाई ती डोक्यावरून घेऊन आत मोबाइलवर रेकॉर्डिंग करायच्या. आमच्यासाठी त्यांनीच चहा केला. कप देताना त्या म्हणाल्या,

“आता तुमी मले पाह्यलं. हे तोंड पाहून पोरीचं काम कोन देईन? घरधनी वारले तेव्हापासून पह्यल्यांदाच माह्या नावानं पैसा येऊन राहिला होता.”

ताईंनी चहा संपवला, कप स्वतः विसळून ठेवला आणि तिथंच बसून मोबाइलवरून पैसे पाठवले.

ऑफिसात मॅडम वाटच बघत होत्या. “भेटली का?”

“भेटली. चहा घेतला आमी संगं.”

“कशी आहे पोरगी?”

मी ताईंकडे बघायचं टाळलं. जितेंद्र मान खाली घालून उभा होता.

“आवाजासारखीच,” ताई म्हणाल्या. “लाजाळू हाय जरा. तिले इथं बोलावू नका.”