शिमग्याचा पातेरा

घोडपदेवच्या आमच्या चाळीमागे, नळाच्या भिंतीला लागून, खाटेएवढी जमीन होती. तिथे आईने भुईचाफ्याचे कंद लावले होते, तिच्या माहेरच्या खळ्यातले, म्हणजे अंगणातले. आजी गेली तेव्हा आईची कोकणात जायची बोट चुकली आणि शेवटचं तोंड काही बघायला मिळालं नाही. कंद मामाने नंतर आणून दिले.

भुईचाफ्याचं फूल उन्हाळ्याच्या तोंडाशी नुसत्या मातीतून वर येतं, पानं मागाहून. आमच्याकडे पानं यायची. फूल मात्र कधीच नाही. "आये माझी रागावली हा," आई म्हणायची. बाबा हसले की दिवसभर त्यांच्याशी अबोला.

म्हणून तिने लाड वाढवले. पिंपळाचा पातेरा, म्हणजे वाळका पाचोळा, मी टोपलीने आणायचा आणि तिने वीतभर जाड पसरायचा. वर रोज पाणी. त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. पोरांच्या तोंडी उठता-बसता घोषणा. एका शिमग्याला होळीला जळण कमी पडलं, तशी चाळीतली पोरं "पातेरा मिळालाच पाहिजे!" ओरडत आली आणि सगळा थर खरवडून घेऊन गेली.

"मेल्यांनो, हात झडान पडांदेत तुमचे! माझ्या आयेचो चाफो तो!" गॅलरीतून आई किंचाळली. मग आत जाऊन ढसाढसा रडली. मला तर पोरांना बदडावंसं वाटत होतं. तिने पाणी घालणंही सोडलं.

चैत्रात एका सकाळी मी नळावर गेले, तर उघड्या मातीत जांभळट-पांढरी फुलं! माझ्या हाकेसरशी आई पिठाच्या हातांनी धावत आली. फतकल मारून बसली, वास घेतला, आणि एकदम हसायलाच लागली.

"गे बाय! आमच्या खळ्यातलो पातेरो पण पोरां शिमग्याक न्हेयत. आये गाळी घाली, पण अडवी नाय कधी." मग डोळे पुसत म्हणाली, "आये रागावली नव्हती गे. मीच फुलांका चेपून ठेवलंय."

पावसानंतर आईने पुन्हा पातेरा पसरला, पण पुढच्या शिमग्याला पोरं भीतीने फिरकेनात. आईनेच गॅलरीतून हाक मारली, "मेल्यांनो, पातेरो नको काय?"

पोरं आली. ती टोपल्या भरून नेत होती तोवर आई कठड्याला धरून त्यांना शिव्या घालत उभी होती, अगदी आजी घालायची तशा.