शनिवार, दुपारी तीन : बोट

त्या शनिवारची आठवण आली की आजही मला एका जागी बसवत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांच्या हकिकती मी चहा पिता पिता सांगतो. हा तर साधा बेपत्ता मुलीचा तपास. गुन्हा दाखल झाला नाही, कोर्टाची पायरी चढावी लागली नाही. तरी सांगायला लागलो की मी उठतो आणि खोलीत येरझाऱ्या घालतो. घरचे म्हणतात, "अहो, बसून सांगा की." बसून सांगता येत नाही, त्याला माझा इलाज नाही.

ऐंशीच्या दशकाची अखेर असावी. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातला एक तालुका होता आणि मी त्या पट्ट्यातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. हद्दीच्या एका अंगाला बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला चिंचणीकडची मच्छीमारांची गावं. किनाऱ्यावर चोरटा माल उतरण्याचे दिवस सरत आले होते, पण आमच्या डोक्यातून ते गेले नव्हते. कुणी 'बोट' म्हटलं की आमचे कान टवकारायचे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची सगळी माती त्यानेच झाली.

सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरीवर सही करत होतो. दारात पन्नाशीचा एक मच्छीमार उभा राहिला. स्वतःची होडी असलेला, गावात मान असलेला माणूस. सायकल दामटत आला होता. बस म्हटलं तरी बसेना.

"साहेब, माजी पोर नाय हाय," तो म्हणाला. "नऊ दिवसांवर लगीन हाय तिचं."

मुलगी बावीस वर्षांची. वसाहतीतल्या एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. लग्नाची रजा हवी असेल तर तीन दिवस दोन-दोन पाळ्या करून द्याव्या लागतील, असं घरी सांगून ती शुक्रवारी सकाळी निघाली होती. रात्री वसाहतीजवळच्या कुंभवलीला सुपरवायझर बाईंच्या खोलीवर झोपणार होती. घरच्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. पण शनिवारी सकाळी पालघरहून तिची होणारी सासू न सांगता येऊन ठेपली, ब्लाउजचं माप घ्यायला. मुलीला आणायला बाप कारखान्यावर गेला, तर गेटवरचा वॉचमन म्हणाला, "कौन सी डबल ड्यूटी? वो और उसकी चार सहेलियाँ तो छुट्टी पे हैं. और लेडीज़ को रात में कौन रखता है यहाँ?"

ते खरं होतं. कारखान्यात बायकांना रात्रपाळी नसते हे मला ठाऊक होतं, बापाला नव्हतं.

"सासू कुठं आहे आता?" मी विचारलं.

"घरीच बसलीय. बायको तिला कोलंबी खाऊ घालतेय. पोर कामावर हाय असं सांगितलंय. पन सांजच्याला ती पोरीला बघूनच जाईल, असं म्हनते. साहेब, तिला कळलं ना, तर लगीन गेलं. मागं धाकटी पन हाय माजी."

म्हणजे हातात होते सात-आठ तास. तेवढ्यात मुलगी घरात दिसली पाहिजे होती, आणि तेही गाजावाजा न होता.

मी बेपत्ता नोंद केली, वर्णन लिहून घेतलं. तेवढ्यात फोन वाजला. बोईसर स्टेशनबाहेर टपरी चालवणारा आमचा एक खबऱ्या होता. बाप आधी स्टेशनवर विचारपूस करून आला होता, ते याच्या कानावर गेलं होतं. तो म्हणाला, "साहेब, काल सकाळच्या मुंबईच्या गाडीला पाच पोरी चढल्या. एक उंच बाई त्यांना सोडायला आलेली. सगळ्यांच्या हातात पिशव्या दिल्या आणि एका पोरीचे ओढणीनं डोळे बांधून तिला गाडीत चढवली. स्वतः मात्र मागं ऱ्हायली."

डोळे बांधून! मी ताडकन उठलो. पोरी हसत होत्या की रडत होत्या, हा एक प्रश्न मी त्याला विचारायला हवा होता. नाही विचारला. फौजदाराच्या अंगात घाई शिरली की त्याचे कान बंद होतात.

उंच बाई म्हणजे सुपरवायझर, हे बापाने लगेच ओळखलं. हवालदाराला दोन पंच घेऊन कुंभवलीला पाठवलं आणि पालघरहून महिला शिपाई मागवली. तासाभरात बाई ठाण्यात हजर. चाळिशीची, नवऱ्याने टाकलेली, चाळीत एकटी राहणारी. एकटी बाई म्हटली की तेव्हा आम्ही निम्मा तपास तिथेच उरकून टाकायचो. सांगताना लाज वाटते, पण तसंच होतं.

हवालदाराने तिच्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेला एक कागद पंचनामा करून आणला होता आणि शिस्तीत चारी कोपऱ्यांना टाचण्या मारून पुठ्ठ्यावर लावला होता. कारखान्यात पाळीचा तक्ता असतो तसा तो आखलेला. वेळ, काम, जबाबदारी असे तीन रकाने. मी वाचायला लागलो.

'शुक्रवार, सकाळी. स्टेशन. कुठे नेतोय ते तिला कळू द्यायचं नाही. डोळे बांधायचे.' पुढे, 'चालताना दोघी पुढे, दोघी मागे. तिला मधे ठेवायचं.' मग, 'खोलीवर साड्या बदलायच्या. चौघींच्या एकसारख्या, तिची वेगळी.' त्याखाली, 'फोटो. आधी तिचा एकटीचा.' आणि अगदी तळाला, 'शनिवार, दुपारी तीन. बोट. बोटीत चढेपर्यंत तिला सांगायचं नाही.'

माझ्या घड्याळात पावणेदोन झाले होते.

आज कुणीही हसेल. पण तो कागद त्या खुर्चीत बसून वाचा. लग्नाळू मुलगी, बांधलेले डोळे, एकटीचा फोटो, वेगळी साडी, शेवटी बोट. माझ्या डोळ्यांपुढे ती कुठल्या तरी बंदरातून पार परदेशी पोचली होती.

"पोरी कुठं आहेत?" मी बाईला विचारलं.

"मुंबईला. उद्या संध्याकाळी पाचला येतील. चौघी पोरी आणि ती. हात लावून मोजून घ्या."

"मुंबईत कुठं?"

"ते नाय सांगणार साहेब."

मी टेबलावर हात आपटला. बाई दचकली. महिला शिपायाने समजावलं, हवालदाराने धमकावलं. ती पदराशी चाळा करत बसून राहिली. शेवटी म्हणाली, "तुमी जीप पाठवाल. जीप गेली का दहा मानसं विचारतात. पोरीचं लगीन मोडंल. तवर मला इथंच बसवा. माझं काय मोडायचं ऱ्हायलंय?"

"बोट कुणाची?"

यावर ती हसली. खरोखर हसली. आणि त्या हसण्याने माझं डोकं फिरलं.

"साहेब, बोटीचं मला काय विचारता?" ती म्हणाली. "तिच्या बापाला विचारा. त्याच्याकडं हाय ना होडी."

उडवाउडवीची उत्तरं, असं मी ठरवलं आणि वायरलेसवर संदेश दिला. मुंबईच्या नियंत्रण कक्षाला पाचही मुलींचं वर्णन, एकसारख्या साड्या, संशय पळवून नेल्याचा, बोटींच्या सर्व धक्क्यांवर तपासणी करावी, मुलींना ताब्यात घ्यावं. सव्वादोनला संदेश गेला. माझं काम मी चोख केलं होतं, पण मला बसवेना. व्हरांड्यात आलो. बाप बाकावर होता. बोलायचं म्हणून विचारलं.

"तुमची मुलगी कधी बोटीत बसलीय?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काही भलतंच विचारलं.

"आमच्यात बायका होडीवर चढत नाय साहेब. मासली विकतील, सुकवतील, जाळी शिवतील. होडीवर नाय."

"तिने कधी मागितलं होतं?"

तो बाकावरून उठून व्हरांड्याच्या कडेला गेला. मग म्हणाला, "लहान होती तवा रोज मागायची. होडी निघाली का गुडघाभर पान्यात येऊन उभी ऱ्हायची. बाबा, एक फेरी, एकच. मी म्हनायचो, मोठी झाली का नेन. मोठी झाली, तवा मागायची बंद झाली."

हे ऐकलं आणि मी आत धावलो. बाई तशीच बसली होती.

"गेटवेची लाँच?" मी विचारलं.

तिने होकारार्थी मान हलवली. आता तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मग सगळं भडभडा बाहेर आलं. लग्नानंतर नोकरी सोडायची, ही सासरची अट. चार वर्षं पाचजणी एका पट्ट्यावर गोळ्यांची पाकिटं भरत होत्या. ती जाण्याआधी तीन दिवस तिचे, असं चौघींनी ठरवलं. प्रत्येकीने एकेक गोष्ट निवडली. एकीने स्टुडिओतला फोटो, एकीने चौपाटी आणि कुल्फी, एकीने सिनेमा, एकीने राणीची बाग. जिने जी गोष्ट निवडली, तिच्यावर त्या गोष्टीची जबाबदारी. राहायला बाईंच्या बहिणीची गिरगावातली खोली. बोट तेवढी बाईंनी घातली होती. मुली तक्त्याशिवाय गोंधळ घालतील म्हणून तक्ताही बाईंनीच केला होता. तक्ता करायची तिला एकच रीत माहीत होती, कारखान्यातली.

"आन् साहेब, कागद उलटा करून बघितला का?" तिने विचारलं.

मी टाचण्या उपटल्या. मागच्या बाजूला रविवार होता.

'रविवार. तिला कुणी उठवायचं नाही. जाग येईल तेव्हा उठेल. चहा अंथरुणात द्यायचा. दुपारची गाडी. पाच वाजता बोईसर. दोघींनी घरी सोडायचं.'

मी ते दोनदा वाचलं. चार वाजता उठून मासळीच्या पाट्या उचलायच्या, मग एसटी पकडून पाळीवर जायचं, असं आयुष्य असलेल्या मुलीसाठी तिच्या मैत्रिणींनी तक्त्यात झोप लिहिली होती.

संदेश मागे घ्यायला मी वायरलेसवर स्वतः बसलो. पलीकडून नुसती खरखर. फोन लावला, लाइन मिळेना. पुन्हा वायरलेस. हवालदार म्हणाला, "साहेब, तुम्ही बसा, मी करतो." त्याच्या हातात मी रिसीव्हर दिला नाही. तीन वाजले. तीन वाजून पाच, दहा. वीस मिनिटांनी मुंबईच आमच्याशी बोलली. संदेशाप्रमाणे पाच मुली धक्क्यावर मिळाल्या, ताब्यात घेतल्या आहेत, महिला शिपायासोबत पुढच्या गाडीने पाठवतो. तत्परतेबद्दल त्यांनी माझं कौतुकही केलं.

दिवस मावळायच्या आत पाचही जणी माझ्यासमोर उभ्या होत्या. चौघी पोपटी साडीत, नवरी गुलाबी साडीत. चौघी रडत होत्या. नवरी रडत नव्हती. मी बाहेरच्यांना हाकललं, जीप आत लावायला सांगितली, आणि नियमाप्रमाणे तिचा जबाब घ्यायला बसलो. कुणी जबरदस्ती केली का? नाही. स्वखुशीने गेलात? हो.

"कुठं कुठं गेला होतात?" हेही विचारावंच लागतं.

"फोटो काढला, सिनेमा बघितला, कुल्फी खाल्ली," ती म्हणाली. "मग आज पुन्हा डोळे बांधले, उघडले तर समोर दर्या. एक पाय बोटीत ठेवला होता साहेब. तेवढ्यात शिटी वाजली आन् हवालदारानं दंड धरला. लोक बघाय लागले. मला वाटलं, बाबांना काय झालं."

बाप भिंतीला टेकून ऐकत होता. पुढे आला. तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेला आणि अर्ध्यातच थांबला.

"बाय," तो म्हणाला, "उद्या पाटंला चल. मी नेतो तुला होडीवर. कोन काय बोलंल ते बोलू दे."

मला वाटलं, सुटलो. ही चल म्हणेल, आणि माझ्या मनावरचा दगड उतरेल.

मुलीने पदर खांद्यावर ओढून घेतला. "आता नको बाबा," ती म्हणाली. "सासू बसलीय घरी. कपडे बदलून जायला पायजे."

महिला शिपायाच्या खोलीत तिने गुलाबी साडी काढली, पिशवीतली रोजची साडी नेसली, आणि बापाच्या सायकलवर मागे बसून गेली. सासूला कळलं नाही. लग्न ठरल्या दिवशी झालं. कारखान्यात बाईंची चौकशी होणार होती, तिथे मी जाऊन सांगून आलो. तेवढंच माझ्या हातात उरलं होतं.

त्यानंतर बेपत्ता मुलींची कितीतरी प्रकरणं आली. तिला कुणी नेलं, हा प्रश्न मी मागे टाकला. आधी विचारायचो, तिला कुठे जायचं होतं? दहातल्या नऊ बापांना उत्तर देता यायचं नाही. आणि पुढ्यात आलेला प्रत्येक कागद मी उलटा करून पाहिला, अगदी धोब्याची चिठ्ठीसुद्धा. हवालदार माझ्या माघारी हसायचे. हसू दे.

त्या संध्याकाळी स्टेशन डायरीत मी लिहिलं, 'मुलगी सुखरूप मिळून आली, पालकांच्या ताब्यात दिली.' नोंदीत एक अक्षर चुकीचं नव्हतं, वरिष्ठांनी शेराही चांगला दिला. पण ती लिहून झाल्यावर मी पेन खाली ठेवलं आणि खुर्चीतून उठलो, कारण तीन वाजता ती जिथे उभी होती तिथे तिला फक्त दुसरा पाय उचलायचा होता.